कूलरमधली द्राक्षे

नागपुरात ज्या दुकानावर ‘वाईन शॉप’ अशी पाटी असते, त्या दुकानात वाईन सोडून सगळे मिळते, हा शोध मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मे महिन्यात, दुपारी साडेचार वाजता लागला. तोवर तशी गरजच पडली नव्हती. मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली आणि तेवढ्या काळात पाण्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही द्रवाशी माझा अधिकृत संबंध आला नाही. अनधिकृत संबंध आला तो विश्रामगृहांवरच्या दोन-चार रात्रींपुरता, आणि त्याची नोंद कोणत्याही मोजमाप पुस्तिकेत नाही.

वाईनची चटक लावली ती लेकीने. ती आणि जावई ऑस्लोला असतात. गेल्या वर्षी नागपूरचा उन्हाळा चुकवून आम्ही दोघे नव्वद दिवसांच्या व्हिसावर त्यांच्याकडे राहून आलो. आता, ज्या देशात वाईनची चटक लागू नये म्हणून सरकार स्वतः झटते, त्याच देशात ती मला लागावी, हा माझ्या स्वभावाचा दोष आहे. नॉर्वेतल्या किराणा दुकानात ४.७ टक्क्यांपर्यंतची बिअर तेवढी मिळते, आणि तीसुद्धा रात्री आठनंतर, शनिवारी तर संध्याकाळी सहानंतर, विकत नाहीत. त्याहून कडक जे काही असेल ते सरकारी मक्तेदारीच्या दुकानातूनच घ्यावे लागते. या संस्थेचे नाव वीनमोनोपूले, जन्मसाल १९२२. लोक लाडाने नुसते ‘पूले’ म्हणतात. शनिवारी ते दुपारीच मिटते आणि रविवारी उघडत नाही, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी अर्धे ऑस्लो तिथे रांगेत उभे असते. ती रांग पाहून मला रेशनच्या रॉकेलची आठवण झाली आणि एकदम घरच्यासारखे वाटले.

आत गेल्यावर मात्र रेशनशी असलेले साम्य संपले. गारवा, शांतता, देशवार लावलेल्या फळ्या, आणि साऱ्या देशभर एकच भाव. तिथल्या एका मुलीने मला विचारले की, जेवायला काय आहे? मी खरे ते सांगितले: भरली वांगी, आत खोबरे, तीळ आणि काळा मसाला. तिने काळा मसाला म्हणजे काय ते विचारून घेतले, थोडा वेळ डोळे मिटले आणि मग ऑस्ट्रियाची एक पांढरी वाईन काढून दिली. माझ्या संपूर्ण नोकरीत एकाही सरकारी कर्मचाऱ्याने माझ्या प्रश्नाला इतक्या गांभीर्याने उत्तर दिले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही कोणाला दिले नव्हते.

भावाचे गणित जावयाने समजावले. तिथे मद्यावरचा कर बाटलीच्या किमतीवर नसून तिच्यातल्या अल्कोहोलवर आहे. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर पाणीपट्टी पिकाच्या किमतीवर नाही, घनमीटरवर आहे. त्यामुळे स्वस्त बाटलीत द्राक्षांपेक्षा कर जास्त असतो, आणि बाटली जसजशी महाग होत जाते तसतसा किमतीतला कराचा वाटा घटत जातो. “बाबा, इथे महाग घेतली की स्वस्त पडते,” जावई म्हणाला. या तत्त्वावर चालणारा माणूस किती दिवसांत कफल्लक होईल याचा हिशेब मी मनातल्या मनात करून ठेवला. तिथले मध्यमवर्गीय लोक यावर दोन तोडगे काढतात. एक म्हणजे स्वीडन. ऑस्लोहून शंभरेक किलोमीटर गाडी हाकायची, स्वीनेसुंदचा पूल ओलांडायचा आणि डिकी भरून परत यायचे. या सहलीला ‘हॅरी’ सहल म्हणतात, आणि ‘हॅरी’ म्हणजे साधारणपणे आपण ज्याला ‘छपरी’ म्हणतो ते. मला यात नवल वाटले नाही. माझे साडभाऊ वर्ध्याला राहतात; सेवाग्राममुळे त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि काही वर्धेकरांना महिन्यातून एकदा बुटीबोरीला कोणते काम निघते हे सभ्य माणसाने विचारायचे नसते.

दुसरा तोडगा म्हणजे खोके. पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन लिटर वाईन, आत पिशवी, खाली प्लॅस्टिकची तोटी. वाईन जाईल तशी पिशवी आकसत जाते, आत हवा शिरत नाही, म्हणून ती कित्येक आठवडे टिकते. आमच्या सौभाग्यवतींनी बाटलीला नाक मुरडले होते, पण खोके त्यांना पहिल्याच दिवशी पटले, कारण ते ओट्यावर माठासारखे दिसत होते आणि त्यात ‘उघडली’, ‘संपवली’ असले भानगडीचे शब्द येत नव्हते. शिवाय जून महिन्यात तिथे रात्री साडेदहापर्यंत ऊन असते. दिवेलागणीच्या आधी घ्यायची नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. आठवडा गेला तरी दिवेलागण होईना, तेव्हा नियम मागे घ्यावा लागला.

एका गोष्टीत मात्र माझी सपशेल फसगत झाली. पूलेमध्ये एका फळीवर चक्क ‘संत्री वाईन’ असे लिहिलेले होते. मी संत्र्याच्या गावचा माणूस. काटोलच्या बागांना पाणी पोहोचवण्याच्या फायली मी स्वतः हलवलेल्या. आपल्याकडे बाटलीतला जो ‘संत्रा’ मिळतो तो देशी दारूच्या दुकानात मिळतो, आणि तो मागणाऱ्याला फलाहारी समजण्याची चूक कोणी करीत नाही. इथे मात्र युरोपच्या उत्तर टोकाला आमच्या फळाला मानाचे पान मिळाले आहे, असे समजून मी किंमत न बघता बाटली घेतली, आणि घरी आल्यावर सर्वांसमोर नागपूरच्या वतीने छोटेसे भाषणही केले. जावयाने ते संपू दिले. मग त्याने सांगितले की, त्यात संत्रे नाही. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षांचा रस काढून साली बाजूला टाकतात. त्या न टाकता रसातच मुरू दिल्या की रंग नारिंगी होतो, म्हणून ते नाव. जॉर्जियात ही वाईन मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यात करतात आणि ती रीत काही हजार वर्षे जुनी आहे. चव म्हणाल तर चिंचेच्या कोळात जर्दाळू टाकून कोणी विसरून गेल्यासारखी होती. भाषण मी अजूनही मागे घेतलेले नाही.

तर असा मी शिकूनसवरून नागपूरला परतलो आणि यंदाच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, एक बरी आणि परवडणारी बाटली आणायला निघालो. राहतो लक्ष्मीनगरात, दुकान मुद्दाम सदरचे निवडले. नागपूरच्या उन्हाचा एकच फायदा आहे, तो म्हणजे तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. मी दुपट्टा बांधला, वर गॉगल लावला आणि दुकानासमोर स्कूटर उभी केली, तोच मागून आमच्या हास्यक्लबातले एक सद्गृहस्थ म्हणाले, “पाहुणे आले वाटते घरी?” त्यांनी स्कूटर ओळखली होती. ते स्वतः तिथे काय करीत होते हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही, आणि या सौजन्यावरच आमचे शहर चालते.

दुकानाच्या जाळीतून एकाच वेळी आठ-दहा हात नोटा धरून आत गेले होते. त्यांत मी माझा हात घुसवला.

“वाईन आहे का?”

“वाईन शॉपच आहे न हे, काका.”

“दारू नको. वाईन. द्राक्षाची.”

दुकानदाराने माझ्याकडे काळजीने पाहिले आणि आत आवाज दिला, “अरे, ते लाल सरबत काढ रे वरचं!”

एक पोरगा स्टुलावर चढला. सर्वांत वरच्या फळीवर, तापलेल्या पत्र्याच्या आणि ट्यूबलाइटच्या मधोमध, तीन बाटल्या ताठ उभ्या होत्या. त्याने खांद्यावरच्या फडक्याने धूळ पुसली तेव्हा नावे दिसू लागली. एक चिलीची लाल, दोन नाशिकच्या. लाल बाटली हातात घेतली तर बाळंतिणीला शेकायला चालली असती इतकी ती तापलेली होती, आणि तिचे बूच दोन सूत वर आलेले होते. बूच वर येणे म्हणजे आतला द्रव उष्णतेने फुगून बाहेर पडू पाहत आहे. अशा वाईनमध्ये द्राक्षे उरत नाहीत, मुरंबा उरतो. तरी मी पूलेच्या सवयीने विचारले, “कोणत्या सालची आहे?”

मागून आवाज आला, “साल कायले पाह्यता काका, पोरीचं लग्न जमवून राह्यले का?”

रांग हसली. मी भाव विचारला आणि माझे हसणे थांबले. ऑस्लोत ज्या तऱ्हेच्या चिलीच्या बाटलीला हजार रुपये पडतात म्हणून मी लेकीसमोर हळहळलो होतो, तिला सदरमध्ये दीड हजारांच्या वर मोजावे लागणार होते, आणि तीही मुरंब्याच्या अवस्थेत. आपल्याकडे आयात वाईनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क राहिले आहे, त्यावर राज्याचे कर आणि दुकानदाराची मेहनत. नाशिकची बाटली नऊशेला होती. तिच्यासाठी राज्य सरकारने २००१ साली खास धोरण आणले, द्राक्षांना बरे दिवस आले, सगळे खरे. पण नाशिक आणि नागपूर यांच्यामध्ये सहाशेहून अधिक किलोमीटरचे ऊन आहे, आणि समृद्धी महामार्ग झाल्यामुळे ते कमी झालेले नाही, फक्त लवकर संपते.

“ही फ्रिजमध्ये का नाही ठेवली?” मी विचारले. दुकानात तीन फ्रिज होते आणि तिन्ही बिअरने गच्च भरलेले होते.

“काका, बिअर गरम झाली तर लोक दुकान जाळतील,” दुकानदार शांतपणे म्हणाला. “वाईन गरम झाली तर तुम्ही एकटेच रागवाल.”

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. मी पिळायच्या झाकणाची पांढरी नाशिक घेतली, कारण निदान तिचे बूच वर येण्याचा प्रश्न नव्हता. त्याने एक दिवसाच्या परवान्याचे पाच रुपये वेगळे लावले. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि पिणाऱ्याने परवाना घ्यायचा असतो. तो परवाना आरोग्य टिकवण्यासाठी दिला जातो, असे त्यावर लिहिलेले असते. पाच रुपयांत माझ्या आरोग्याची एवढी काळजी आजवर कोणी घेतलेली नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता. त्यावर जो गदारोळ उठला त्यात तो विरून गेला, नाहीतर मी आज तूरडाळ आणि साबण यांच्या आड लपवून ही बाटली उजळ माथ्याने आणली असती. त्याऐवजी ती वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पन्नीत घालून, पन्नी पुन्हा भाजीच्या पिशवीत घालून घरी आली.

आता ती गार करायची होती. फ्रिज माझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही. मे महिन्यात त्यात पन्हे, आमरस आणि डाळीचे पीठ भिजवलेली तीन पातेली असतात, आणि त्याच दिवशी वर्ध्याहून मेहुणी आणि साडभाऊ मुक्कामाला आले होते. साडभाऊ खादीचा सदरा घालतात, पहाटे चारला उठतात आणि आमच्याकडे आले की माझ्या वजनाबद्दल बोलतात. तेव्हा मी खात्यातले ज्ञान वापरले. कोरड्या हवेत पाण्याचे बाष्प होताना ते पाणी गार होत जाते. बाहेर ४५ असले तरी चालू कूलरच्या टाकीतले पाणी पंचविसाच्या आसपास राहते. खात्री करण्यासाठी तापाचा थर्मामीटर बुडवून पाहिला. तो पस्तिसाच्या खाली काही दाखवीत नाही, आणि त्याने काहीच दाखवले नाही, यावरून सिद्धांत सिद्ध झाला. भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी मागची ताटी काढून बाटली टाकीच्या तळाशी, पूलेमध्ये पाहिली होती तशी, आडवी निजवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता कूलर बंद पडला.

नागपुरात नवतपा तोंडावर आलेला असताना कूलर बंद पडणे ही बातमी घरापुरती राहत नाही. मेकॅनिक आला, त्याच्यामागे वरच्या मजल्यावरचे शेजारी आले. मेहुणी पंखा हलवीत उभी राहिली. मी म्हणालो, पंपाचे मी पाहतो, मी पाण्याच्या खात्यातला आहे. कोणी ऐकले नाही. मेकॅनिकने ताटी काढली, पंप उपसला आणि त्याच्या जाळीत अडकलेला पांढरा लगदा बोटांनी ओढून काढला.

“कागद अडकला होता, काका. द्राक्षं दिसून राह्यले याच्यावर.”

मग त्याने कोपरापर्यंत हात टाकीत घातला, चाचपले, आणि हळूहळू बाटली वर काढली. तिच्या अंगावर लेबल उरलेले नव्हते. डिंकाचे दोन पट्टे आणि वाळ्याची एक काडी तेवढी चिकटलेली होती. पाणी ठिबकत होते. शेजारी कुठेतरी दुसरीकडे पाहू लागले. सौभाग्यवती माझ्याकडे पाहत होत्या.

साडभाऊ पुढे झाले. त्यांनी मेकॅनिकच्या हातातून बाटली घेतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, झाकण दोन्ही बाजूंनी दाबून पाहिले आणि गालाला लावली.

“गार झाली आहे बरोबर,” ते म्हणाले. “पण लेबल आधी काढून ठेवायचं असतं, भाऊसाहेब. पंप धरतो.”

त्या संध्याकाळी दिवेलागण वेळेवर झाली. स्टीलच्या पेल्यांत चौघांना वाटणी आली. वाईन वाईट नव्हती. थोडी आंबट, थोडी पेरूसारखी, शेवटी वाळ्याचा पुसट वास, जो नाशिकचा नसावा. सौभाग्यवतींनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि टाकी पुन्हा भरायला नळी हातात घेत म्हणाल्या, “यापेक्षा ते लेकीकडचं खोकं बरं होतं. त्याला तोटी तरी होती.”