चाकू घ्यायचाय? आधी नाव वाचा, धार पाहू नंतर

चाकू घ्यायला निघालात ना, मग पहिली गोष्ट, सोबत टमाटर नेऊ नका. दुकानात टमाटर कापून पाहणारा माणूस अगदीच गावठी दिसतो, आणि दुसरं म्हणजे त्यात रिस्क आहे, आपल्या नागपुरात महाल भागातल्या बुधवार बाजारात खाली कापडावर मांडलेला सत्तर रुपयांचा चाकू पण टमाटर बरोब्बर कापतो, मग तुमच्या चार हजाराच्या बजेटचं काय करायचं? म्हणून धारेवर बोट-बिट फिरवू नका, पात्यावर काय लिहिलंय ते वाचा.

नाव परदेशी पाहिजे, आणि शक्यतो न समजणारं. समजलं की मजा गेली. आता तो लाल मुठीवाला स्विस चाकू घ्या, व्हिक्टोरिनॉक्स, नुसतं म्हटलं तरी मे महिन्यात बर्डीवर उभ्या माणसाला आल्प्सचं वारं लागते. पण झालं काय होतं, कार्ल एल्सनरनं १८८४ मध्ये कारखाना काढला, त्याची आई १९०९ मध्ये वारली, तिचं नाव व्हिक्टोरिया, ते त्यानं ब्रँडला दिलं, आणि मग १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं ‘इनॉक्स’ मागून चिकटवलं, बस. आई अधिक स्टेनलेस. चाकू चांगलाच असतो, त्यात वाद नाही. पण हाच हिशोब इतवारीतल्या एखाद्या भावानं केला असता, आईचं नाव शांता, तर निघाला असता ‘शांतिनॉक्स’, आणि तुम्ही म्हटलं असतं, लोकल दिसते भाऊ, पन्नासला द्या.

तसंच ते जर्मनीतल्या झोलिंगेनचं झ्विलिंग, १७३१ पासूनचं. झ्विलिंग म्हणजे जुळे. ‘जुळे छाप’ म्हणून पाहा एकदा, काडेपेटीच आठवते.

नावापुढे आकडा असला तर डोळे मिटून घ्या. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूच्या नंबर ८ मधला आठ म्हणजे नुसती साइज आहे, पातं साधारण साडेआठ सेंटिमीटर, पण माझा एक दोस्त आठवर खूष नव्हता, त्याला वाटे बारा नंबर म्हणजे लेटेस्ट मॉडेल. पोलादाच्या नावातही आकडा पाहिजेच. जपानी व्हीजी टेन असलं तर दुकानदार आवाज खाली करून सांगतो, ‘जी म्हणजे गोल्ड’, आणि ते खरंही आहे, व्ही गोल्ड टेन असंच नाव आहे त्याचं, फक्त आत सोनं नसते, कार्बन, क्रोमियम, थोडा कोबाल्ट असं असते. आणि पात्यावर नुसतं ४४०, म्हणजे एका स्टेनलेस पोलादाचा नंबर, दिसलं तर पुढे ए आहे की सी असं विचारून समोरच्याला लाजवू नका. सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास, ए मध्ये बराच कमी, म्हणून ए तेवढा कडक होत नाही, पण अक्षर खायचं आणि आकडा ठेवायचा यालाच तर धंदा म्हणतात.

आणि हे आजचं आहे असं समजू नका बरं. आपल्या रघुजी भोसल्यांची तलवार सरकारनं २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आणली ना, तिचं पातं युरोपात बनलेलं, आणि त्यावर सोन्यानं देवनागरीत कोरलंय, ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. फिरंग! म्हणजे माल इम्पोर्टेड आहे हे पात्यावरच लिहून ठेवलेलं. तिकडे झोलिंगेनवाल्यांनी आधीच पासाऊ गावचा लांडग्याचा छाप उचलून आपल्या पात्यांवर मारला होता, तेव्हा डुप्लिकेट मालाचं खापर उगाच आपल्या गल्लीवर फोडू नका.

आता दमास्कस. हे नाव दिसलं की प्रश्न विचारायचेच नाहीत. जुन्या काळी त्या लाटांच्या नक्षीच्या तलवारींचं वूट्झ पोलाद आपल्या दक्षिणेतून जायचं आणि नाव झालं सीरियातल्या दमास्कस शहराचं. आता मिळते ते वेगळंच, दोन जातीच्या पोलादाचे थर एकमेकांवर जोडून ॲसिडमध्ये बुडवतात की लाटा दिसतात, कापायचं काम बहुतेक वेळा मधल्या थराकडेच असते. आणि स्वस्तातल्या पीसवर तर लाटा नुसत्या लेझरनं छापलेल्या असतात.

आमच्या भाटव्यांनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, असाच एक आणला. लाकडी डब्बा, आत मखमल, वर जपानी अक्षरं, ती त्यांना वाचता येत नाहीत आणि म्हणूनच आवडतात. ताई चिराचिरी अजून पावशीवरच, म्हणजे विळीवरच करते, ती त्या डब्ब्याला हातही लावत नाही. मागच्या रविवारी सांबारवडीचा बेत होता, मी गुपचूप बुधवार बाजारवाल्या चाकूनं दोन जुड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरला आणि ताटली समोर ठेवून म्हटलं, तुमच्याच चाकूनं कापला भाऊजी. त्यांनी एक पान उचललं, उजेडात धरलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “पाहा, कट कसा क्लीन आहे, पान चेंगरलंच नाही. साध्या चाकूनं काळं पडून राहिलं असतं हे.” ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी ताटलीकडे पाहिलं.

मग जोशात त्यांनी वड्या कापायला डब्ब्यातला काढला, तर तो वडीतून जाईना, सारण दाबून राहिला नुसता. धार गेली होती, किंवा आलीच नव्हती, देव जाणे. तेवढ्यात खाली सायकलवर साणवाला आला, हे पळत गेले, मी मागे. त्यानं पातं उलटंपालटं केलं, अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाला, “बढिया धार लावून देतो साहेब, पण ही जाळी अन् इकडचं लिहिलेलं थोडं घासून जाईन, चालते ना?”

भाटव्यांनी चाकू त्याच्या हातातून परत घेतला, शर्टाला पुसला आणि वर येऊन मखमलीत ठेवून दिला.