तंबाखूतली कप्पी

माझी तीन मिलिमीटरची लाकडी कप्पी गेल्या शुक्रवारी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका पाव्हण्यांच्या तोंडात गेली. तंबाखूसोबत गेली. हे सांगितलं की लोक आधी हसून घेतात आणि मग विचारतात, ‘कप्पी म्हणजे विहिरीवर असते ती?’ तीच. पण जहाजावरची.

निवृत्त झाल्यावर मी लाकडी जहाजाचं किट मागवलं. ‘व्हिक्टरी’. १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रजांचा नौसेनापती नेल्सन ज्याच्या डेकवर गोळी लागून पडला, ते. खरं जहाज अजून पोर्ट्समथच्या गोदीत उभं आहे, माझं शिवाजी पेठेत कपाटावर. (किटची किंमत घरी निम्मी सांगितली आहे. माझं लिहिलेलं घरात कुणी वाचत नाही, म्हणून इथं कबूल करायला हरकत नाही.) नुसतं जोडायचं असतं तर सहा-आठ महिन्यांत झालं असतं. पण मला सुधारणेची खाज.

खाज सुटली ती कप्प्यांवरून. प्रमाण १:९८, म्हणजे खरी फूटभर वस्तू इथं तीन मिलिमीटरची व्हायला पाहिजे. डब्यातून निघाल्या त्या पाच मिलिमीटरच्या, कोपरे घासलेल्या चौकोनी गोळ्या. खऱ्या जहाजावर ती एकेक कप्पी दीड फुटाच्या वर गेली असती, आणि जाड दोराला तीच, सुतळीएवढ्या दोराला पण तीच. शेळीच्या गळ्यात बैलाची घुंगुरमाळ. मला ते बघवेना.

मग मी स्वतः करायला बसलो. सागवान चालत नाही, त्याचे रेषे जाड, तीन मिलिमीटरात ते रेघोट्यांसारखे दिसतात. लाकडाच्या अड्ड्यावरून हेदूचा तुकडा आणला, पिवळसर, गुळगुळीत. त्याची काडी करायची, अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलनं हातानं भोक पाडायचं, दोर बसायला कडेनं कानशीनं बारीक खाच घ्यायची, कोपरे मारून अंड्यासारखा आकार द्यायचा आणि शेवटी ब्लेडनं तोडायचं. वीस मिनिटं. तोडताना बहुतेक वेळा ती चिमट्यातून उडते. अशा वेळी आमच्या घरी केर काढायला बंदी आहे. या बंदीवरून जे बोललं जातं ते इथं लिहीत नाही.

अशा १८० केल्या. केल्यावर वाचनात आलं की इंग्रजांनीसुद्धा हे हातानं करणं कधीच सोडून दिलं होतं. पोर्ट्समथलाच मार्क ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरनं कप्प्या करायची यंत्रं बसवली आणि १८०८ साली तिथून १,३०,००० कप्प्या निघाल्या. एकशे दहा माणसांचं काम दहा माणसं करायला लागली. म्हणजे ज्या कामातून माणसं सोडवायला त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी कारखाना काढला, त्याच कामाला मी पेन्शनवर, चष्म्यावर भिंग लावून बसलोय. हे कुणाला सांगणार? सौभाग्यवतींना तर नाहीच.

रंगाचं वेगळंच. जुनी कप्पी कशी, दोराच्या डांबरानं आणि उन्हानं काळपट तपकिरी दिसायला हवी. चहाच्या पाण्यात दोन दोन दिवस बुडवल्या, कॉफीत बुडवल्या, कात लावून बघितला. सगळ्या आजारी माणसाच्या नखांसारख्या पिवळ्या त्या पिवळ्याच.

आता गुजरी. खऱ्या जहाजात फळ्या लाकडी खुंट्यांनी ठोकलेल्या असतात. माझ्या प्रमाणात ती खुंटी ०.४ मिलिमीटर जाड. बांबूची कामटी चिरून ती सोनाराच्या जंतरातून, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढत ओढत बारीक करत न्यायची, अशी पद्धत आहे. जंतर कुठं मिळणार? गुजरीत. शुक्रवारी, अंबाबाईच्या वारी, गुजरीत गाडी लावायला जागा शोधणं यावर मला एकदा वेगळं लिहायचंय. पाऊण तास फिरून शेवटी बिंदू चौकात लावली आणि चालत आलो. म्हणजे मुळात डोकं तापलेलंच होतं.

सोनार ओळखीचे. ‘बांबू?’ ते म्हणाले, ‘साहेब, आमच्या आज्ज्याच्या वेळचं जंतर हाय हे. ह्यातनं सोनं गेलं, चांदी गेली. बांबू न्हाई कधी.’

गादीवर शेजारी एक पाव्हणे बसले होते. गुलाबी फेटा, पायांत करकरीत पायताण, मांडीवर चंची. नातीच्या लग्नाचा साज आणायला आले होते, वजन चाललं होतं. त्यांनी मान वळवली.

‘बांबूचं काय करताय?’

‘खिळे. लाकडी.’

‘केवढं?’

मी बोटानं दाखवायला गेलो, पण ०.४ मिलिमीटर बोटानं दाखवता येत नाही. दोन बोटं चिकटतात आणि समोरच्याला वाटतं, आपण तपकीर मागतोय. पाव्हण्यांनी खरंच चंची पुढं केली.

‘नको. जहाजाला लागतात. खेळण्यातलं... म्हणजे खेळणं नाही. प्रतिकृती.’

‘फळ्या त्या खिळ्यांवर धरत्यात?’

‘नाही, फळ्या डिंकानं चिकटवल्यात.’

‘मग खिळं कशाला?’

‘दिसायला.’

‘दिसत्यात?’

मी गप्प. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही ऑडिटरनं मला इतक्या कमी शब्दांत धरलं नव्हतं.

‘बरं, पाण्यात कुठं सोडणार? रंकाळ्यात?’

‘सोडणार नाही. कपाटावर ठेवणार.’

‘आत मोटार?’

‘नाही.’

‘आन् ह्ये आत कोण बसतंय?’

‘कोणी नाही.’

‘म्हंजे कोल्हापुरात समुद्र न्हाई, जहाजात माणूस न्हाई, आन् खिळं दिसत न्हाईत.’ पाव्हण्यांनी तळहातावर तंबाखू घेतला, चुन्याचं बोट लावलं आणि मळायला लागले. ‘किती गेलं ह्यात?’

सवयीनं निम्मी किंमत सांगितली.

‘एवढ्यात रेडी आली असती,’ ते म्हणाले. ‘तीन वर्सांत व्याली असती. ह्ये तुमचं तीन वर्सांत काय हुणार?’

‘पूर्ण होणार.’

वजनकाट्यामागून सोनार हसले. खरं तर इथंच उठायला पाहिजे होतं. पण मला कळवळून वाटलं की या माणसाला एक, फक्त एक कप्पी दाखवली तर तो समजेल. अडाणीपणा माझाच. खिशात टिकल्यांच्या डबीत तीन नमुने होते, जंतराच्या भोकाशी ताडून बघायला आणलेले. डबी उघडून मी सांगायला लागलो, की व्हिक्टरीवर सगळा मिळून सुमारे ४२ किलोमीटर दोर होता, इथनं सोडला तर पार जयसिंगपूर गाठेल, आणि त्यातला बराचसा असल्या कप्प्यांतून...

‘बघू,’ म्हणून पाव्हण्यांनी हात पुढं केला.

तोच हात. मी चिमट्यानं कप्पी तळहाताच्या कोरड्या कडेला ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. खाच बघितली, भोक बघितलं, मी शपथेवर सांगतो, त्यांना आवडली. ‘हातानं केलंय?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘हो, हातानं.’

‘आमच्या साजाला बी २१ पानं असत्यात. हातानंच करत्यात. पण ती दिसत्यात तरी,’ असं म्हणत त्यांनी साजाकडं बघितलं आणि सवयीनं, काही न बघता, दुसऱ्या हातानं तळहातावर दोन थापा मारल्या. चुन्याची धूळ उडाली. चिमूट उचलली, दाढेखाली सोडली.

मी हाताकडं बघतोय. हात रिकामा.

‘कप्पी,’ मी म्हटलं.

‘आं?’

‘तोंडात गेली तुमच्या.’

त्यांनी जीभ फिरवली, चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, ‘मला वाटलं देठ हाय.’ आणि उठून, पायताण घालून, दुकानाबाहेर गेले. काय केलं असेल ते सांगायला नको. परत येऊन म्हणाले, ‘न्हाई आली. जाऊ द्या, तुमच्याकडं ढीग असतील. एखादी कमी असली तर कुणाला कळतंय?’

आता यात हसण्यासारखं आहे, मान्य. पण मला अजून राग येतो तो पाव्हण्यांचा नाही. त्या दुकानातला केर बाहेर टाकत नाहीत. झाडून साठवतात, वर्षाकाठी झारेकऱ्याला देतात, तो धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतो. जोंधळ्याच्या दाण्याएवढा सोन्याचा मणी तोंडात गेला असता तर शटर ओढून पाव्हण्यांना आ करायला लावलं असतं, आणि तेही बिनतक्रार आ करून बसले असते. माझी वीस मिनिटं मात्र ‘जाऊ द्या’. आणि खोटं कशाला बोला, कप्पी बरी जमली की बघणाऱ्याला ती डब्यातूनच आली असं वाटतं. बिघडली तरच विचारतात, ‘ही तुम्ही केली का?’ मागच्या महिन्यात मेहुणे आले होते. जहाजाभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, ‘नांगर काय सुरेख केलाय हो!’ नांगर डब्यातला.

जंतर मिळालं नाही. सोनार म्हणाले, जुनं मोडीतलं बघून ठेवतो.

सोमवारी त्यांचा फोन आला. मला वाटलं जंतर. ‘न्हाई हो,’ म्हणाले, ‘पाव्हणं साजाचं उरलेलं पैसं द्यायला आलते. तुमची वस्तू दिऊन गेलेत. दाढेच्या फटीत बसलेली, दुसऱ्या दिवशी राखुंडी लावताना निघाली म्हणं.’

पुन्हा बिंदू चौक, पुन्हा चालत. सोनारांनी ड्रॉवरमधून गुलाबी कागदाची पुडी काढली, नथ गुंडाळतात तसली. पुढं काचेवर उलगडली. भोक शाबूत. खाच शाबूत. आणि रंग... काळपट, तपकिरी, कडांना जरा गडद, समुद्रावर चाळीस वर्षं काढल्यासारखा.

घरी आणून बाकीच्यांशेजारी ठेवली. आता १७९ फिक्या दिसतात. पाव्हण्यांचं गाव कुठलं ते सोनारांना विचारलं नाही, पण विचारावंसं वाटलं.