फक्त बोल्ट मारायचेत

"बोल्ट-इन आहे रे, काही नाही त्यात." जुन्या गाडीवाल्यांमध्ये याच्याइतकं महागात पडणारं वाक्य दुसरं नसेल, आणि वाईट म्हणजे ते खोटं नसतं. माझी 1968 ची शेव्ही नोव्हा, त्यात 250 क्यूबिक इंचाचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, आणि त्या पिढीच्या शेव्ही सिक्सची पाठ शेव्हीच्याच आठ सिलिंडरवाल्या स्मॉल ब्लॉक व्ही-एटसारखीच, म्हणजे बेलहाउसिंगची (गिअरबॉक्सचं जे तोंड इंजिनाला जोडतात त्याची) भोकं तीच. त्यामुळे 1982 साली आलेला 700आर4 हा चार गिअरचा ओव्हरड्राइव्हवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिथे थेट लागतो. लागतोच. बेलहाउसिंगचे बोल्ट अगदी शहाण्यासारखे जातात, बाकी काहीच जात नाही.

आधीचा बॉक्स पॉवरग्लाइड होता. दोन गिअर. हो, दोनच, पहिला 1.82 (म्हणजे मागे जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 1.82 फेरे) आणि दुसरा 1.00, संपलं. बिचारा कधी बिघडला नाही, बिघडायला त्यात होतं काय म्हणा. पण हायवेला इंजिन असं बोंबलायचं की शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायचं तर भांडल्यासारखाच आवाज काढावा लागायचा, आणि मग खरंच भांडण व्हायचं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे चौथा गिअर 0.70 चा, जिथे इंजिन 3000 फेरे मारायचं तिथे त्याच वेगाला 2100. घरात शांतता नांदेल या शुद्ध हेतूने मी गाडीखाली शिरलो.

खाली शिरल्यावर कळतं की नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब आहे, साधारण तीन इंच. आता तीन इंच म्हणजे काय मोठंसं, असं उभ्या माणसाला वाटतं. पण त्यामुळे मागचा माउंट मागे जातो, म्हणून क्रॉसमेंबर मागे न्यायचा, त्याला नवी भोकं पाडायची, आणि मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करून आणायचा. शाफ्टचं बॉक्सात शिरणारं टोक, म्हणजे योक, मात्र तोच चालला, दोन्हीकडे 27 स्प्लाइन (खाचा), एवढी एक दया.

इंजिनाचा जोर ऑइलमधून बॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर बसवणं हा तर वेगळाच अध्याय. तो नुसता ढकलून बसत नाही, फिरवत फिरवत आत घालायचा, आधी इनपुट शाफ्ट, मग स्टेटर, मग पंप, प्रत्येक ठिकाणी एक 'खट्' ऐकू येतो. शेवटचा खट् न होताच बोल्ट आवळले तर पंपाचे तुकडे. मदतीला आलेला मित्र कान लावून बसला होता. "झाला?" "झाला." "दुसरा झाला की तिसरा झाला?" "अरे मोजत कोण होतं?" पुन्हा बाहेर, पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सगळं चालू असताना लाल ट्रान्समिशन ऑइल बरोबर कानातच गळतं, नाकात नाही, तोंडात नाही, कानात. तो वास उशीला पण लागतो.

पण खरा छळ टीव्ही केबलचा. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरच्या लिव्हरपासून निघून बॉक्समध्ये जाणारी ही काडीएवढी वायर बॉक्सला सांगते की साहेबांनी पाय किती दाबलाय, आणि त्या हिशोबाने आतलं ऑइल प्रेशर वाढतं. केबल ढिली राहिली तर प्रेशर कमी, क्लच घसरतात आणि थोडक्या वेळात जळून जातात, म्हणजे अख्ख्या ट्रान्समिशनचा जीव त्या वायरीत. आणि माझा सिंगल बॅरल कार्ब्युरेटर त्या काळचा, जेव्हा ही केबल जन्मालाही आली नव्हती, त्यामुळे तिला अडकवायला जागाच नाही. मग पत्रा कापा, ब्रॅकेट बनवा, लिव्हरवर पिन अशा अंतरावर लावा की पाय पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ओढली जाईल, ना आधी ना नंतर. मी रात्री झोपेत अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून झोपायचो असं बायको सांगते. विश्वास ठेवायला हरकत नाही.

लॉकअपची, म्हणजे कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जखडणाऱ्या क्लचची, वायरिंग त्यामानाने सरळ, 12 व्होल्ट द्या, ब्रेकच्या स्विचमधून न्या म्हणजे ब्रेक दाबला की लॉकअप सुटेल, झालं.

आता स्टिअरिंगवरचा तो गिअरचा काटा. त्यावर पाचच अक्षरं, पी आर एन डी एल, आणि नव्या बॉक्सला जागा सात. त्यामुळे माझ्या गाडीत काटा डी वर असला की ओव्हरड्राइव्ह, एल वर असला की तिसऱ्यापर्यंत, आणि त्याच्याही पुढे गेला तर काय ते माझ्या आणि देवाच्या मध्ये. कोणी गाडी चालवायला मागितली की मी एवढंच समजावून सांगतो, पुन्हा मागत नाहीत.

आणि चालते कशी? तर ऐका. मागचा एक्सल 3.08 चा आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.08 फेरे. त्याला 0.70 ने गुणलं की 2.16 होतात, आणि एवढ्या उंच गिअरमध्ये माझं म्हातारं सिक्स सपाट रस्त्यावर गुणगुणतं खरं, पण पुढे जरा चढ दिसला की कुंथायला लागतं आणि बॉक्स गपचूप तिसऱ्यात येतो. तिसरा म्हणजे 1.00. म्हणजे पॉवरग्लाइडचा दुसरा. म्हणजे तोच जुना आवाज. यावर उपाय म्हणजे 3.55 चा एक्सल, आणि मित्राचा त्याबद्दलचा फोन मी सध्या उचलत नाही.

पण पहिला गिअर! 3.06! तोच एक्सल, तेच इंजिन, आणि सिग्नलवरून गाडी अशी निघते की पहिल्यांदा बायकोची पर्स मागच्या सीटवर गेली. जन्मभर रेंगाळत निघालेल्या गाडीला हे काय झालंय ते तिलाच कळेना. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तो चौथा चढावर रुसून बसतो, आणि ज्याचा विचारही केला नव्हता तो पहिला रोज मजा देतो.

परवा बायकोने शांतपणे विचारलं, म्हणजे शांतपणे विचारता आलं कारण रस्ता सपाट होता, "मग तो चौथा बसवलास कशाला?"

म्हटलं, "अगं पहिला सुटा मिळत नाही."