विसाच्या नोटेवरची घोडाचोर

संज्या मेलबर्नहून आलाय. काल त्याने कट्ट्यावर वीस ऑस्ट्रेलियन डॉलरची नोट काढली. "ही बाई ओळखा. घोडाचोर."

"चोराला नोटेवर बसवतात होय?" पम्या.

"मेरी रीबी. इंग्लंडातल्या लँकशरची. तेरा वर्षांची असताना मुलाच्या कपड्यांत, जेम्स बरो असं खोटं नाव सांगून वावरत होती. 1790 साली घोडा चोरल्याबद्दल स्टॅफर्डला शिक्षा झाली. सात वर्षं काळं पाणी, म्हणजे ऑस्ट्रेलियाला रवानगी. 1792 ला सिडनीत उतरली."

"तेरा वर्षांची पोर!" वैशाली उखडली. "आठवीतल्या मुलीला जगाच्या टोकाला फेकलं, आणि चोर म्हणे ती."

पम्याचं म्हणणं, पुढे तिचं नशीब फळफळलं ते नवऱ्यामुळे. ते अगदीच खोटं नाही. थॉमस रीबी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला. लग्न 1794 चं. हॉक्सबरी नदीकाठी जमीन, धान्याची ने-आण, मग स्वतःची जहाजं. सिडनीतल्या घराला नाव दिलं 'एंटाली', म्हणजे आपल्या कलकत्त्यातली ती वस्ती!

"पण 1811 ला तो मेला ना," वैशाली म्हणाली. "सात पोरं पदरात. पुढच्याच वर्षी जॉर्ज स्ट्रीटवर नवं गोदाम उघडलं, ते कोणी?"

1816 पर्यंत वीस हजार पौंडांची मालकीण. 1817 मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली तीही हिच्याच जागेत. आणि त्याच वर्षी एका कर्जदाराला मारहाण केल्याबद्दल दोषीही ठरली! यावर पम्यासुद्धा हसला. मला तरी ती इथेच सगळ्यात खरी वाटली.

"ही एक झाली," पम्या पुन्हा मुद्द्यावर. "अशा जवळजवळ पंचवीस हजार कैदी बायका नेल्या तिकडे. सिडनीजवळच्या पॅरामाटाच्या फीमेल फॅक्टरीत, म्हणजे कैदी बायकांच्या कामशाळेत, सूत कातत बसलेल्यांच्या नोटा कुठायत?"

याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. इतका वेळ गप्प असलेले नाना म्हणाले, "ती हॉक्सबरीकाठची जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची, दारुग लोकांची होती. घोडा चोरला तर सात वर्षं, नदीकाठ घेतला तर सरकारी सनद. चोर कोण ते आधी ठरवा."

मग संज्याने खरा बॉम्ब टाकला. 1820 मध्ये मेरी मुलींना घेऊन इंग्लंडला गेली, पुढच्या वर्षी परतली. 1828 च्या जनगणनेत लिहून दिलं, '1821 मध्ये स्वतंत्रपणे आले', म्हणजे कैदी म्हणून नव्हे.

"म्हणजे सरळ खोटं!" पम्या.

"खोटं कसं? 1821 ला स्वतःच्या पैशाने आलीच की."

"हा वकिली मुद्दा झाला, वैशाली."

"मग? शिक्षा भोगून झाल्यावर जन्मभर कपाळावर घोडा गोंदवून फिरायचं का? तिचा नातू टास्मानियाचा प्रीमियर, म्हणजे तिथला मुख्यमंत्री झाला. त्याला विचारायचं होतंस, आजी कुठल्या जहाजातून आली म्हणून."