रायफलीला छरा मानवेना

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलीत ब्राँझ जिंकलं आणि तेव्हापासनं कोल्हापुरात चहाच्या टपरीवरचा प्रत्येक माणूस नेमबाजीतला तज्ज्ञ झालाय. त्यात माझ्याकडं १० मीटरची एअर रायफल, म्हणजे मी सापडलोच.

हिला शिशाचे ४.५ एमएमचे छरे लागतात, तोंड सपाट, कंबर बारीक, अगदी डमरू. तुम्हाला वाटंल दुकानात जायचं, डबा घ्यायचा, विषय संपला. तर डब्यावर डोक्याचा साइज असतोय, ४.४९, ४.५०, ४.५१, आणि साइज तोच असला तरी दोन लॉट, म्हणजे कारखान्यातनं निघालेल्या दोन खेपा, सारखे लागत नाहीत, प्रत्येक बॅरलचे नखरे वेगळे, हिला काय मानवतंय ते मारूनच बघायचं. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथं आपलं "चालतंय की" चालत नाही.

बरं, हातात धरून मारलं तर हात हलला का छरा चुकला हे कळणार कसं? म्हणून रायफल क्लॅम्पमध्ये आवळायची. क्लॅम्प करून घ्यायला उद्यमनगरात लेथवाल्या मित्राकडं गेलो. दिवसभर मायक्रॉनमध्ये जगणारा माणूस. त्यानं छऱ्याला व्हर्नियर लावला, जरा दाबला, छरा चपटा. "भावा, हे चिमटीत दबतंय आणि तू ह्यात शतांश मोजतोयस व्हय?"

मग एकेका लॉटचे दहा-दहा. भोकात भोक पडलं पाहिजे, कागद बघून दहा मारलेत का एकच अशी शंका यावी. महागाच्या डब्यानं कागदाची चाळण केली, स्वस्तातला त्याच्यापेक्षा बरा निघाला. एका लॉटचे नऊ एका भोकात आणि दहावा लांब जाऊन बसलाय. आता हा छऱ्याचा दोष, का स्क्रू ढिला, का मागं उभारलेल्या तज्ज्ञानं "जरा डावीकडं घे की" म्हणत टेबलावर हात टेकला म्हणून? परत पहिल्यापासनं.

चंदगडचे मामा सगळं बघत बसलेले. त्यांचा जन्म ठासणीच्या बंदुकीत गेला, नळीत तोंडाकडनं दारू ओतायची, चिंधीत गोळी घालायची, गजानं ठासायची. "बार उडाला की जाळ आणि धूर संगटच. तुझं नुसतं फुस्स, आणि हिशोब केवढा!" मी म्हटलं, मामा, तुमचं तरी काय वेगळं, दारू कमी-जास्त झाली की गोळी भरकटणार, चिंधी जाड-पातळ झाली की भरकटणार, नळीत काजळी धरली की परत भरकटणार.

"भरकटू दे की. डुक्कर आवाजानंच पळतंय."

शेवटी ४.५० चा एक लॉट जमला, दहाच्या दहा एका भोकात. पळत दुकानात गेलो तर तो लॉट संपलेला. सगळे डबे रेंजवरच्या दहावीतल्या पोरानं उचललेले.

"काका, तुमचे कागद मी रोज बघत होतो की. एक डबा देतो तुम्हाला, पण क्लॅम्प आठवडाभर माझ्याकडं ठेवणार."