मधलं कुठं गेलं?

परवा रात्री दहा वाजून सतरा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडला : "बी विंगमध्ये संध्याकाळपासून तळणाचा उग्र वास येत आहे. संबंधितांनी ज्येष्ठ नागरिकांचा विचार करावा, ही नम्र विनंती." खाली लगोलग पाच-सहा अंगठे. संबंधित म्हणजे मी. आणि निरोप टाकणारे म्हणजे पहिल्या मजल्यावरचे काका, ज्यांनी त्याच संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्या उग्र वासाचा उगम ताटलीभर खाल्ला होता. मी राहते तिसऱ्या मजल्यावर. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकवतात. पण ग्रुपवर असलं काही काढलं की विषय पार्किंगपर्यंत जातो, म्हणून गप्प बसले.

निमित्त कांदेनवमीचं. आषाढ शुद्ध नवमी. दोन दिवसांनी एकादशी, मग चातुर्मास, मग ज्यांच्या घरी पाळतात त्यांच्याकडे कांदा-लसूण बंद. आमच्याकडे पाळत कुणीच नाही, पण बंद होण्याआधी भरपूर खाण्याचा भाग मात्र आम्ही श्रद्धेने पाळतो. दरवर्षी भजी असतात. यंदा चिरंजीवांना ऑनियन रिंग्ज हव्या होत्या. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कुठल्याशा कॅफेत मित्रांबरोबर खाऊन आला होता. अडीचशे रुपयांत आठ. मी म्हटलं, घरी करू. अडीचशे हा आकडा कानावर पडला की माझ्या तोंडून हे वाक्य आपोआप बाहेर पडतं, त्यात माझा काही हात नसतो.

रिंगला कांदा मोठा लागतो. मंडईत मी ढिगातून मोठे मोठे वेचायला लागले, तर गाळेवाला म्हणाला, "ताई, निवडून घ्यायचा तर भाव वेगळा." बरं, वेगळा तर वेगळा. या दिवसांत येतो तो उन्हाळ कांदा, चाळीत साठवलेला, घट्ट, वरची सालं खडखडीत वाळलेली. तळायला हाच बरा, नव्या लाल कांद्याइतकं पाणी सोडत नाही. भज्यांना कांदा पाणी सोडतो ते आपल्या पथ्यावर पडतं, मीठ चोळून ठेवायचं आणि त्याच पाण्यात पीठ भिजवायचं. इथं उलट. इथं पाणी म्हणजे वैरी. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच, ते तेलात गेलं की वाफ होऊन बाहेर पडायला बघतं, आणि वरचं आवरण धड नसेल तर त्याला ढकलून देतं.

आता खरी गोम. कांद्याच्या अर्ध्या इंचाहून थोड्या पातळ चकत्या करायच्या आणि बोटानं हलकेच ढकलून त्यातली कडी सुटी करायची. इथवर सगळे व्हिडिओ सांगतात. पुढचं सांगत नाहीत. प्रत्येक कड्याच्या आतल्या अंगाला एक पापुद्रा असतो. पारदर्शक, गुळगुळीत, ओला. तो राहिला तर पीठ कड्याला धरतच नाही, तळल्यावर पहिला घास घेतला की कांदा अख्खा बाहेर येतो आणि हातात पोकळ टरफल उरतं. तर हा पापुद्रा नखानं एका टोकाला उचलायचा आणि ओढायचा. निम्म्यात तुटतो. मग दुसऱ्या टोकानं. मग तो बोटाला चिकटतो, बोटावरून दुसऱ्या बोटाला जातो, तिथून कपाळाला, कारण मधेच डोळे पुसलेले असतात.

डोळ्यांवरून आठवलं. कांद्यामुळे पाणी का येतं यावर जपानी शास्त्रज्ञांनी रीतसर संशोधन केलं. त्यासाठी कांद्यात एक वेगळंच विकर काम करतं, असं त्यांनी २००२ साली 'नेचर'मध्ये छापलं आणि २०१३ साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं ते पारितोषिक. आपल्या जिल्ह्यात राजगुरुनगरला तर कांदा आणि लसूण एवढ्याच दोन गोष्टींसाठी केंद्र सरकारची अख्खी संशोधन संस्था आहे. त्यांनी पापुद्र्याचं काहीतरी बघावं. देश आभारी राहील. निदान मी राहीन.

बाकी कृतीत काही राम नाही. मैदा, कॉर्नफ्लोर, थोडी तांदळाची पिठी, बेकिंग पावडर, मीठ, तिखट, आणि ऐनवेळी बर्फासारखा गार साधा सोडा. कडी आधी कोरड्या मैद्यात घोळवायची, मग पिठात बुडवायची, मग तेलात. एका वेळी चार-पाच, जास्त घातली की तेल गार पडतं आणि कडी तेल प्यायला लागतात. काढल्यावर जाळीवर ठेवायची. कागदावर ठेवली की खालून वाफ धरते आणि मऊ पडतात. झारा वापरला तर पीठ खरवडलं जातं, म्हणून मी सासूबाईंची लोकरीची सुई घेतली होती. धातूची, स्वच्छ धुतलेली. एकेक कडं सुईवर घेऊन अलगद सोडायचं, तिनंच पलटायचं, तिनंच काढायचं. फार छान जमत होतं. सोनेरी, टणटणीत. जाळीवर टाकलं की आवाज येत होता. मी स्वतःवर खूश होते, आणि तेवढ्यात बेल वाजली.

"काय गं, भजी का?" काका. लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त. "जिन्यात वास आला."

"रिंग्ज आहेत, काका. या ना." हे 'या ना' आपल्याकडे तोंडदेखलं असतं, हे सगळ्या पुण्याला माहीत आहे. काकांनाही आहे. ते आत आले, ओट्याशेजारचं स्टूल ओढलं आणि बसले.

"आज खाऊन घ्यायला हवं. परवापासून आमचं बंद." जाळीवरचं एक कडं त्यांनी दोन बोटांत उचललं, डोळ्यासमोर धरलं आणि त्यातून ट्यूबलाइटकडे पाहिलं. बराच वेळ.

"मधलं कुठं गेलं?"

"मधलं म्हणजे?"

"मधला कांदा. कांद्याला मध्य असतो."

"ती लहान कडी बाजूला काढलीत. उद्या कोशिंबिरीत घालीन."

"बघू."

आणि मी दाखवलं! आपल्याच घरात, आपल्याच कांद्याचं, हातातली सुई खाली ठेवून भांडं पुढे केलं. वीस वर्षं सरकारी कचेऱ्यांतून लोक असेच कागद पुढे करत असतील. काकांनी भांडं किंचित तिरपं करून तळ पाहिला.

"म्हणजे एका कांद्यातला निम्मा बाद."

"बाद नाही हो, राखीव."

"हॉटेलात कितीला देतात?"

"अडीचशे. आठ येतात."

"म्हणजे भोकासकट अडीचशे." पहिलं कडं एव्हाना संपलं होतं, दुसरं हातात होतं. "मेदूवड्याला भोक असतं, ते आतून तळला जावा म्हणून. त्याला कारण आहे. तुझ्या भोकाला काय कारण?"

"काका, ते माझं नाही, कांद्याचं आहे."

"कांद्याला भोक नसतं. कांदा भरीव असतो. भोक तू पाडलंस." तिसरं. "अगं, याच कांद्यानं १९९८ साली दिल्लीचं सरकार पाडलं. आणि तू त्याला नुसतं भोक पाडतेस?"

यावर काय बोलणार? चिरंजीव सॉसची बाटली घेऊन आला. काका म्हणाले, "सॉस नको रे, पित्त होतं." चौथं. मी मन लावून तळत होते. कान मात्र तिकडेच. कुरकुरीत झाल्यात, एवढं तरी म्हणतील. तोंडातून आवाज येत होता ना कुरकुरण्याचा! शेजारच्या खोलीत ऐकू जात होता! अखेर मीच विचारलं, "कशा झाल्यात?"

काकांनी विचार केला. "मीठ बरंय," म्हणाले. आणि मग, "सिंहगडावरच्या खेकडा भज्यांची सर नाही."

सिंहगडाची भजी मला कुणी तोंडावर फेकली की माझं डोकं फिरतं. दोन तास चढून गेल्यावर, वारा, धुकं, भिजलेले बूट, त्यात तिथली मावशी गरम घाणा काढून देते. त्या स्थितीत माणसाला चड्डीची नाडी तळून दिली तरी चविष्ट लागेल. कोथरूडमधल्या ओट्यापाशी, पंखा बंद, कपाळाला पापुद्रा, तिथं कशाची सर येणार? आणि तुलना करायचीच तर ज्यानं गड चढायचा आहे त्यानं चढावा. इथं बसून कशाला करायची? हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "अजून घ्या ना."

त्यांनी घेतल्या. खालून काकूंची हाक आली तेव्हा उठले, पेपर नॅपकिनमध्ये बऱ्याचशा गुंडाळल्या आणि म्हणाले, "हिला दाखवतो." दाखवायला एक पुरली असती.

चिरंजीवांनी उरलेल्या संपवल्या आणि कॅफेत बरोबर एक चीजचं डिप असतं, असं सांगितलं. माझ्या वाट्याला आली तळाची पिठाची कुरकुर आणि कढईत पाऊण लिटर तेल. त्या तेलाचं काय करायचं, हे मला कुणीही समजावून सांगितलेलं नाही. बेसिनमध्ये ओतायचं नाही, ठीक. फोडणीला वापरा म्हणतात. एवढ्या तेलाच्या फोडण्या करायच्या तर दिवाळी उजाडेल आणि तोवर आमच्या वरणाला मैद्याचा वास येईल. शेवटी गाळून बरणीत भरलं. बरणी ओट्यावर उभी आहे आणि माझ्याकडे बघते आहे. कांदे, वेगळ्या भावानं, तेल, सोडा, गॅस, सगळं धरून अडीचशेला दहा रुपये कमी. दुपार धरलेली नाही. बाईमाणसाची दुपार लेखापरीक्षणात कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्यामुळे काकांनाही ती दिसली नसेल.

मग रात्री तो उग्र वास.

काल सकाळी काकू वर आल्या. मला वाटलं, निदान यांना तरी काही वाटलं असेल. म्हणाल्या, "ह्यांना रात्रभर पित्त झालं गं. कुठलं तेल वापरलंस?" मी ब्रँड सांगितला. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना वाटलंच होतं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला कृती लिहून दे बाई. रविवारी जावई यायचेत, त्यांच्याकडे काही चातुर्मास नसतो. फक्त ते मधलं काढू नकोस, हे म्हणाले."

दिली लिहून. वहीचं पान फाडून, स्वच्छ अक्षरात. मैदा किती, पिठी किती, सोडा गार हवा हे अधोरेखित करून, झाऱ्याऐवजी सुई वापरा हेसुद्धा.

पापुद्र्याचं लिहिलं नाही.