चेहऱ्याचे पैसे

भंगाराच्या दुकानात भावाची पाटी नसते. भाव गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाचतात. तुमची नजर एखाद्या गंजक्या लोखंडावर जरा रेंगाळली की ते भंगार राहत नाही, ‘जुना माल’ होतं. वाकून हात लावलात की ‘इंग्रजाच्या टायमाचं’ होतं. आणि उचलून उलटं करून पाहिलंत, तर मालक पोराला चहा आणायला पिटाळतो. भंगारवाल्यानं चहा मागवला म्हणजे त्याचे पैसे कुणाच्या खिशातून वसूल व्हायचे ते ठरलं.

सोलापुरात माझी ग्रील-गेटची शेड आहे. कामाला तोटा नाही, पण ते सगळं कटर आणि वेल्डिंगचं. जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने. दसरा-दिवाळीच्या आगेमागे गाळपाची गडबड सुरू झाली की माणसं कोयते-खुरपी घेऊन दारात येतात, ‘शेवटून देता का?’ म्हणजे भट्टीत तापवून, ठोकून धार काढून देता का, असं विचारतात आणि माझी मशीनं बघून परत जातात. म्हणून शेडच्या एका अंगाला भट्टी टाकायचं ठरवलं. सगळं नवं घ्यावं तर भट्टीच्या आधी खिसा पेटतो. तेव्हा जुनं. यादी काही मोठी नव्हती: ऐरण, शेगडा (काम पकडून ठेवायची व्हाइस), घण, हवेला ब्लोअर, दोन-चार सांडश्या आणि कोयत्यांसाठी ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे.

बरोबर मामा. मामांची उमेद गिरणीत फिटरकी करण्यात गेली. गिरणी बंद पडली, पण बोटांतली विद्या गेली नाही. अंधारात बोल्ट हातात दिला तर आटे कितीचे ते सांगतील. लोखंडातलं त्यांना कळत नाही असं काही नाही, फक्त कळलेलं लपवता येत नाही. ‘आहाहा’ हा शब्द त्यांना मनातल्या मनात म्हणताच येत नाही. मी निघताना बजावायचो, “मामा, काही आवडलं तर नुसतं खोकायचं. बोलायचं नाही.” ते मान डोलवायचे. मग दुकानात शिरल्यावर असे खोकायचे, की मालक पाण्याचा तांब्या घेऊन धावत यायचा आणि खोकला नेमका कोणत्या कोपऱ्यापाशी लागला ते ध्यानात ठेवायचा.

शेगडा मिळाला तो पूर्व भागात. तिकडे पॉवरलूम भंगारात निघाले की त्यांच्याबरोबर ते दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या हातची हत्यारंही निघतात. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चौकटींच्या ढिगाखालून याचे फक्त दोन जबडे दिसत होते. जुना शेगडा घेताना त्याचा रंग बघायचा नसतो, गंजही नाही. दांडा फिरवून जबडा अर्धा उघडायचा आणि मग तो दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढायचा. स्क्रूचे चौकोनी आटे झिजले असतील तर जबडा टकटक वाजत हलतो. स्क्रूचे आटे तरी डोळ्यांना दिसतात. आतल्या नटाचे दिसत नाहीत, आणि आधी मरतात ते तेच. हा शेगडा मी ओढला. नुसता जरासा श्वास घेतल्याएवढा हलला. मागून मामा खोकले.

“पंधराशे,” मालक म्हणाला, आणि पलीकडे बसलेल्या भावाशी तेलुगूत काहीतरी बोलला. त्यातलं ‘ऐदु वंदलु’ माझ्या कानानं टिपलं. आमच्या गल्लीत गोट्या तेलुगू पोरांबरोबर खेळल्यामुळे मला त्या भाषेतले आकडे आणि शिव्या एवढंच येतं, आणि भंगारात तेवढं पुरतं. मी शांतपणे म्हणालो, “पाचशे.” मालकानं माझ्याकडे नव्यानं बघितलं. भावाकडे तोंड करून तो कन्नडवर आला. सोलापुरात ही सोय आहे, एका भाषेत पकडलं की माणूस दुसरीत शिरतो. कन्नडही मला जेमतेम समजतं. पण या खेपेला तोंडावरची माशी हलू द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात मामा आनंदानं ओरडले, “अरे, ऐनूर म्हणतोय की बे! पाचशेच!”

शेवटी आठशेला पटलं. तीनशे रुपये मामांच्या भाषाप्रभुत्वाचे.

वजनावर की नगावर, हा या धंद्यातला आणखी एक मासला. आपण विकायला गेलो की सगळंच वजनावर, मग ती आजोबांची कानस असो की बंद पडलेली शिलाई मशीन. तागडीत पडली की संपलं. आपण घ्यायला गेलो की लहान पण कामाची वस्तू नगावर आणि मोठी पण निकामी वस्तू वजनावर. दोन किलोचा बिनदांड्याचा हातोडा मागितला की ‘नगाचा भाव वेगळा’. आणि कुणालाच नको असलेलं लूमचं दीड मणाचं चाक मात्र ‘घ्या की अण्णा, वजनानं देतो, स्वस्तात पडंल’. यातला तर्क मी एकाला विचारला. तो म्हणाला, “धंदा है मामू.” याला उत्तर नाही.

मग शनिवार आला. शनिवारी लोखंड घरात आणू नये ही आमच्या आईची ठाम समजूत, आणि निम्म्या सोलापूरचीही तीच. त्यामुळे शनिवारी गिऱ्हाईक कमी आणि मालक नरम, हा शोध मला लागला. मंगळवार बाजारात ज्या घणाला हात लावायची सोय नव्हती, तसाच घण शनिवारी दुपारी एका दुकानात निम्म्या भावात मिळाला. प्रश्न एवढाच की तो न्यायचा कुठं? आई दारातच बसलेली असते, आणि घण काही खिशात मावत नाही. म्हणून ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे रात्रभर ठेवला. शनिदेवाची नजर चुकवण्याचा हा मार्ग शास्त्रात बसतो की नाही माहीत नाही, पण आईच्या शास्त्रात बसला. रविवारी घ्यायला गेलो तर पंक्चरवाला त्याच घणानं एका ट्रॅक्टरचा टायर रिंगवरून उतरवत होता. “हाताला लई भारी बसतोय,” घाम पुसत तो म्हणाला. “कितीला द्याल?” म्हणजे त्याला आवडला होता आणि तो माझा होता. ही संधी पुन्हा येणार नव्हती. मी चहा मागवला. पण विकला नाही.

ट्रकचे पाटे घेण्यात फारसा त्रास पडला नाही. पुणे-हैदराबाद हायवेच्या कडेच्या गॅरेजात ते ढिगानं पडलेले असतात आणि त्यांच्यासाठी कुणी अजून तोंड वेंगाडत नाही. फक्त बघून घ्यावे लागतात. हजारो खड्डे खाल्लेल्या पाट्याला केसासारखी चीर असते. ती डोळ्याला दिसत नाही, कोयता पाण्यात बुडवला की ‘टिंग’ करून आपलं अस्तित्व कळवते. त्यावर मामांचा उपाय: पाटा घासून डिझेलमध्ये भिजवायचा, कोरडा पुसायचा आणि त्यावर खडू फासायचा. चीर असली तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. गॅरेजच्या ओट्यावर मामा पाटे असे रंगवत बसले की पोरं गोळा व्हायची. एकानं विचारलं, “आज्जा, शाळा काढलाव काय?”

ब्लोअर एका हॉटेलवाल्याचा. त्यानं कोळशाची भट्टी बंद करून गॅस घेतला होता. मोटर चांगली, पंखा चांगला, पण वर्षानुवर्षं भजीच्या कढईशेजारी राहिलेला. सुरू केला की पहिली दहा मिनिटं शेडभर मिरची भजीचा वास. गिऱ्हाइकं आत डोकावून ‘पार्सल मिळेल का’ विचारतात.

सांडशी मात्र जुन्या बाजारात शोधूच नये. मिळते ती एकतर स्वयंपाकघरातली, नाहीतर सोनाराची, चिमटीएवढी. लोहार सांडशी विकत घेत नाही आणि विकतही नाही. कामाप्रमाणे स्वतः घडवतो, तोंड लहान-मोठं झालं की तापवून पुन्हा वाकवतो. हे ऐकायला छान आहे. पण पहिली सांडशी घडवताना तापलेलं लोखंड धरायचं कशानं, याचं उत्तर देणारा मला अजून भेटायचा आहे. मी पान्यानं धरलं. पान्याचं पाणी उतरलं, मऊ पडला.

राहिली ऐरण.

ऐरणीच्या नावाखाली लोक काय काय दाखवतात! पहिली चार-पाच तर बिडाचीच निघाली. बीड ओतायला सोपं, दिसायला अगदी ऐरण, आणि घणाखाली कधी टवका उडेल सांगता येत नाही. यासाठी मामांच्या खिशात बेअरिंगचा एक छर्रा कायम असायचा. फूटभरावरून छर्रा ऐरणीवर सोडायचा. पोलादी, नीट पाणी दिलेली ऐरण असेल तर तो आठ-नऊ इंच उसळून येतो. बिडावर पडला की ‘थड’ करतो आणि तिथंच बसतो, घरजावयासारखा. छर्रा बसला की मामांचा चेहरा पडायचा, आणि त्या पडलेल्या चेहऱ्यामुळे मालक भाव उतरवायचा. पण तेव्हा वस्तू नको असायची.

एकानं रुळाचा तुकडा काढला. दीड फुटाचा, वरून आरशासारखा घासलेला. रूळ म्हणजे गरिबाची ऐरण, पोलाद उत्तम. ५२ किलोचा रूळ म्हणजे मीटरला ५२ किलो, तेव्हा हा तेवीस-चोवीस किलोचा. मी पावती मागितली. “भंगाराची कसली पावती?” आता रेल्वे आपलं भंगार लिलावानं विकते आणि ज्याला विकते त्याला कागद देते. कागदाशिवाय असा तुकडा जवळ सापडला, तर १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा वेगळा कायदा आहे, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत आत जायची सोय आहे. रुळाच्या पोटावर तर उठावाच्या अक्षरांत कारखान्याचं नाव आणि सालसुद्धा असतं. म्हणजे मुद्देमालावर पत्ता आधीच छापलेला. मी तुकडा खाली ठेवला. मालक म्हणाला, “पाच वर्षं कुणी बघत न्हाई हो.” मला तो मुदतीबद्दल बोलतोय की माझ्याबद्दल, ते कळलं नाही.

खरी ऐरण कुठल्याच दुकानात नव्हती. होटगीच्या बाजूला एका वस्तीवर गेटाचं माप घ्यायला गेलो होतो. तिथं शेळ्यांच्या खोपटाचं दार वाऱ्यानं उघडू नये म्हणून त्याला काहीतरी काळं, जड टेकवलेलं होतं. वर वाळत घातलेलं फडकं. मी टेप धरून उभा होतो आणि कुठंही बघत नव्हतो. मामांनी फडकं उचललं, खिशातून छर्रा काढला, सोडला. तो उसळून थेट आज्जीच्या पायाशी जाऊन पडला. “आहाहा!” मामा म्हणाले.

आज्जीनं छर्रा उचलून मामांच्या हातात दिला. तिच्या सासऱ्याची ऐरण होती. “खंडेनवमीला हळद-कुंकू लावते मी तिला. लक्ष्मी हाय ती. विकायची न्हाई.” मग घटकाभर शेळीकडे बघत बसली. “काय द्याल?”

या प्रश्नाहून वाईट प्रश्न बाजारात नाही. कमी बोलावं तर आज्जी दुखावते, जास्त बोलावं तर आपण मरतो. मी तीन म्हणालो. तिनं चार हजार सांगितले, शिवाय ती आहे तोवर तिच्या घरची खुरपी-विळे फुकट शेवटून द्यायचे, शिवाय खंडेनवमीला येऊन ती ऐरणीला हळद-कुंकू लावणार, त्याचा मान वेगळा. हे सगळं मान्य केलं. ऐरण टेम्पोत चढवताना तिनं चौथी अट घातली, “आता दाराला काय लावू? तेवढ्याच वजनाचं आणून द्या.”

तेवढं वजन लोखंडात घ्यावं तर पुन्हा भंगारवाले. म्हणून दगड. रस्त्याकडेला पाटे-वरवंटे घडवणारा एक बसतो, त्याच्याकडे गेलो. मी वरवंट्यांचे भाव विचारत होतो. मामा दहा पावलं लांब एका काळ्या दगडापाशी उकिडवे बसले, त्यावर हात फिरवला आणि ओरडले, “तेवढाच हाय बघ! अगदी तेवढाच!”

पाथरवट उठला. “तो विकायचा न्हाई,” म्हणाला. “त्याच्यावर मी बसतो.”

तासभर घासाघीस झाली. पैसे त्याला नकोच होते, त्याला बसायला पाहिजे होतं. अखेर माझ्या शेडमधलं लोखंडी स्टूल त्याला नेऊन दिलं, तेव्हा तो दगडावरून उठला. आज्जीच्या दाराला दगड लागला, पाथरवट स्टुलावर बसला आणि वेल्डिंग मी सध्या उभ्यानं करतो. मामांना एका ठिकाणी फार छान जुनं स्टूल दिसलंय म्हणतात. मी त्यांना म्हटलंय, पत्ता सांगा, तुम्ही येऊ नका.